विहिरीच्या पाण्यातील औषधांचा अंश : यंत्रापूर्वीची कामगिरी

पाण्याची परीक्षा करण्याची खेड्यातील रीत जुनी आणि बऱ्याच अंशी विश्वसनीय आहे. ज्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, ते पाणी जड, हे सांगण्यास रसायनशास्त्रज्ञाची गरज लागत नाही. मचूळ पाणी जिभेला कळते, गढूळ डोळ्याला आणि कुजके नाकाला. अलीकडे या परीक्षेस शास्त्राचीही जोड मिळाली आहे. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये गावोगावच्या पाच-पाच महिलांना पाणी तपासणीची पेटी वापरण्यास शिकविण्याची तरतूद करण्यात आली. त्या पेटीच्या साहाय्याने पाण्याचा सामू, कठीणपणा, क्लोराइड, फ्लोराइड, नायट्रेट, लोह यांचा अंदाज गावातच घेता येऊ लागला. ही गोष्ट समाधानाची आहे. परंतु याच समाधानातून एक गैरसमज वाढीस लागलेला दिसतो. पेटीने पाणी चांगले ठरविले म्हणजे ते सर्वतोपरी निर्दोष ठरले, असे मानले जाते. शेतात वापरल्या जाणाऱ्या कीडनाशकांचा व तणनाशकांचा पाण्यात उतरलेला अंश ना जिभेला कळतो, ना या पेटीतील रंगाला. त्याला निराळी परीक्षा लागते. ती परीक्षा प्रयोगशाळेतील एका महागड्या यंत्रात होत असली, तरी तिचा आरंभ विहिरीच्या काठावर होतो, आणि तो बहुधा चुकीच्या पद्धतीने होतो.

शेतकरी या द्रव्यांना सरसकट ‘औषध’ म्हणतो. दुकानदारही तेच म्हणतो, आणि खरे सांगावयाचे तर कृषी खात्याचे कार्यकर्तेही बोलताना तेच म्हणतात. शब्द सोयीचा आहे, पण त्याने या द्रव्याची भीती मोडली आहे. औषधाची बाटली विहिरीच्या कठड्यावर ठेवण्यात, पाठीवरचा पंप तेथेच धुण्यात, रिकामा डबा थारोळ्याजवळ टाकून देण्यात कोणास काही वावगे वाटत नाही.

द्राक्षांच्या बाबतीत महाराष्ट्राने हा धडा वीस वर्षांपूर्वीच घेतलेला आहे. २००३ साली युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांमध्ये कीडनाशकांचे अंश मर्यादेबाहेर आढळले आणि निर्यातीला मोठा धक्का बसला. त्यानंतर निर्यातीच्या द्राक्षांसाठी अंश तपासणीची शिस्तबद्ध व्यवस्था उभी राहिली. पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा काम पाहू लागली. बागेची नोंदणी, फवारणीची नोंदवही, प्रयोगशाळेच्या माणसाने स्वतः बागेत येऊन घेतलेला नमुना आणि यंत्राचा निर्वाळा मिळाल्याखेरीज माल पुढे न जाणे, या गोष्टी नाशिक-सांगलीकडील बागाईतदारांच्या अंगवळणी पडल्या. याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. मात्र एक विसंगती येथे नजरेआड करता येत नाही. ज्या बागेतील घडाची इतक्या कसोशीने परीक्षा होते, त्याच बागेतील विहिरीचे पाणी वस्तीवरील कुटुंब रोज पिते आणि त्या पाण्याची अशी परीक्षा कुटुंबाच्या हयातीत एकदाही झालेली नसते. परक्या देशातील गिऱ्हाइकाच्या ताटाची जेवढी काळजी वाहिली जाते, तेवढी घरच्या रांजणाची वाहिली जात नाही. यात कोणा एकाचा दोष आहे असे नव्हे. द्राक्षाला किंमत देणारा ग्राहक आहे, विहिरीच्या पाण्याला तसा ग्राहक नाही, एवढेच त्याचे कारण आहे.

किती थोडे पुरते

हा विषय अंकांशिवाय समजत नाही. सहा मीटर व्यासाच्या आणि पाच मीटर पाणी असलेल्या विहिरीत सुमारे १ लाख ४० हजार लिटर पाणी असते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० च्या २०१२ च्या आवृत्तीत, ॲट्राझिन या तणनाशकाची मर्यादा लिटरमागे २ मायक्रोग्रॅम आहे. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. हिशेब केला तर या साऱ्या विहिरीचे पाणी मर्यादेपर्यंत नेण्यास ॲट्राझिनचा सुमारे पाव ग्रॅम पुरतो. बाजारात मिळणारी भुकटी ५० टक्के शक्तीची धरली तर ती अर्ध्या ग्रॅमच्या आसपास, म्हणजे चिमूटभर भरते.

दुसरे उदाहरण घरोघर माहीत असलेल्या क्लोरपायरीफॉसचे. त्याची मर्यादा बरीच सैल, म्हणजे लिटरमागे ३० मायक्रोग्रॅम आहे. पंधरा लिटरच्या पंपात लिटरला दोन मिलिलिटर या प्रमाणात २० टक्के शक्तीचे औषध घातले, तर पंपात सुमारे सहा ग्रॅम मूळ द्रव्य असते. असा एक भरलेला पंप कठड्यावरून कलंडून विहिरीत पडला आणि ते पाणी सर्व विहिरीत सारखे मिसळले, तर लिटरमागे चाळीस मायक्रोग्रॅमच्या वर अंश जाईल. मर्यादा तेथेच ओलांडली गेली. डोळ्याला मात्र पाणी पूर्वीइतकेच निर्मळ दिसेल. वर्षभराच्या शास्त्रशुद्ध फवारणीने जे होत नाही, ते क्षणाच्या हयगयीने होते, हे या हिशेबावरून लक्षात यावे.

ठिबक संचातून खते व औषधे सोडण्याची रीत वाढल्यापासून आणखी एक वाट उघडली आहे. व्हेंचुरीतून द्रावण ओढले जात असताना वीज गेली आणि नळीवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह नसला किंवा तो निकामी झालेला असला, तर नळीतील द्रावण उलटे विहिरीत किंवा विंधण विहिरीत उतरू शकते. वीज अवेळी जाणे ही ग्रामीण भागात अपवादाची गोष्ट नाही. त्या मानाने हा व्हॉल्व्ह तपासणारे शेतकरी फार थोडे.

यंत्र काय करते

ज्या यंत्राने हे सूक्ष्म अंश शोधले जातात, त्यास मराठीत वायुवर्णलेखन व वस्तुमान वर्णपटमापी यांची जोडी म्हणता येईल. प्रयोगशाळेतील लोक त्यास जीसी-एमएस म्हणतात, आणि येथेही तेच नाव पुरेसे आहे. वायुवर्णलेखनाची रीत जेम्स व मार्टिन या इंग्रज शास्त्रज्ञांनी १९५२ साली प्रसिद्ध केली. त्याच वर्षी मार्टिन यांना सिंज यांच्यासह वर्णलेखनाच्या मूळ शोधाबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतर थोड्याच वर्षांत अमेरिकेत गोल्के व मॅक्लॅफर्टी यांनी या यंत्रास वस्तुमान मोजणारे यंत्र जोडून दाखविले.

यंत्राचे काम दोन टप्प्यांत चालते. पहिल्या भागात सुमारे तीस मीटर लांबीची, केसासारखी बारीक पोकळी असलेली काचेची नळी काथ्याच्या वेटोळ्याप्रमाणे गुंडाळून भट्टीत ठेवलेली असते. पाण्यातून काढलेल्या अर्काचा थेंब तप्त जागी टाकला की त्याची वाफ होते आणि हेलियम वायूबरोबर ती नळीतून निघते. आठवड्याच्या बाजारात एका टोकाने शंभर माणसे एकदम शिरली तरी दुसऱ्या टोकाला ती एकदम पोहोचत नाहीत. ज्याला काही घ्यावयाचे नाही तो सरळ चालत जातो आणि ज्याचा पाय प्रत्येक पालापाशी अडखळतो तो उशिरा बाहेर पडतो. नळीच्या आतील लेपाशी ज्या द्रव्याची सलगी अधिक, ते द्रव्य असेच मागे राहते. अशा रीतीने मिश्रणातील द्रव्ये एकेक करून वेगळी होतात आणि प्रत्येकाची बाहेर पडण्याची वेळ ठरलेली असते.

परंतु केवळ वेळेवरून ओळख पटविणे धोक्याचे असते. एकाच वेळी बाजाराबाहेर पडणारी दोन माणसे एकच नसतात. म्हणून दुसरा भाग लागतो. तेथे बाहेर पडणाऱ्या प्रत्येक द्रव्यावर इलेक्ट्रॉनांचा मारा होतो आणि त्याचे रेणू फुटतात. एकाच घडणीची मडकी एकाच रीतीने आपटली तर त्यांच्या खापऱ्याही बहुतेक सारख्याच होतात, आणि जाणता कुंभार खापरीवरून मडके ओळखतो. यंत्र या खापऱ्यांचे वजन करते. ॲट्राझिनच्या रेणूचे वजन २१५ असून त्याची सर्वांत ठळक खापरी २०० ची असते. शिवाय त्यात क्लोरिनचा एक अणू असल्याने २०२ ची, सुमारे एक-तृतीयांश उंचीची, सोबतीण तिच्याशेजारी उभी राहते. वेळ जुळली, दोन-तीन खापऱ्या जुळल्या आणि त्यांचे परस्परांशी प्रमाणही जुळले, तरच नाव लिहावयाचे, असा प्रामाणिक प्रयोगशाळेचा दंडक असतो.

हे विस्ताराने सांगण्याचे कारण असे की, काही प्रयोगशाळा अद्यापि केवळ इलेक्ट्रॉन कॅप्चर या शोधकावर कीडनाशकांची नावे लिहून देतात. लव्हलॉक यांनी १९५७ साली तयार केलेला हा शोधक फार सूक्ष्मग्राही आहे. डीडीटीसारख्या द्रव्यांचे अंश जगभर पसरल्याचे त्यामुळेच उघडकीस आले. तथापि तो फक्त अमुक वेळी क्लोरिनयुक्त काहीतरी आले एवढेच सांगतो, आणि गंधकासारखे निरुपद्रवी पदार्थही त्यास फसवितात. ज्या अहवालावर एखाद्या वस्तीचे पाणी बंद करावयाचे, त्यात खापऱ्यांची साक्ष असलीच पाहिजे.

बाटलीची गोष्ट

यंत्र लिटरभर पाण्यातील अंश एका मिलिलिटर अर्कात गोळा झाल्यावरच पाहू शकते. याचा अर्थ अंश हजारपट दाट केला जातो. बाटलीत जी घाण चुकून गेली असेल, तीही त्याबरोबर हजारपट दाट होते. ग्रामस्तरीय कार्यकर्त्याच्या हातून होणाऱ्या चुकीचे मोल येथे कळते. पन्नास लाखांच्या यंत्राला पाच रुपयांची बाटली खोटे बोलावयास लावू शकते.

सर्वांत रूढ चूक म्हणजे प्लॅस्टिकची बाटली. शीतपेयाची किंवा पाण्याची रिकामी बाटली हाताशी असते, ती दोन वेळा खळबळून घेतली की काम भागते असे वाटते. प्लॅस्टिक काही कीडनाशकांना भिंतीशी धरून ठेवते, त्यामुळे असलेला अंश कमी दिसतो. उलट, प्लॅस्टिक मऊ राहण्यासाठी वापरलेली थॅलेट नावाची द्रव्ये पाण्यात उतरतात आणि यंत्राच्या पटावर १४९ वजनाची खापरी घेऊन ठाण मांडतात. बाटली गडद तपकिरी काचेची, एक लिटरची व प्रयोगशाळेने धुऊन-भाजून दिलेलीच हवी. तिच्या झाकणाला आतून टेफ्लॉनचे अस्तर असावे, रबर नसावे.

दुसरी चूक चांगल्या सवयीतून होते. क्षारांच्या तपासणीसाठी बाटली त्याच पाण्याने तीन वेळा विसळण्यास शिकविले जाते आणि ते योग्यही आहे. कीडनाशकांच्या नमुन्यास मात्र बाटली विसळावयाची नाही. पाण्यात तरंगणारे तेलकट अंश काचेला चिकटतात. विसळलेले पाणी फेकले तरी ते मागे उरतात आणि नंतरच्या नमुन्यात भर घालतात. अनुभवी कार्यकर्त्यांना ही गोष्ट पटवून देणे नवख्यांपेक्षा अवघड जाते.

तिसरी बाब टीसीएल पावडरची. ग्रामपंचायतीने सकाळी विहिरीत पावडर टाकली आणि दुपारी नमुना घेतला, तर तो नमुना जंतूंच्या दृष्टीने काही सांगेल, कीडनाशकांच्या दृष्टीने फसवील. क्लोरिन काही द्रव्ये मोडून टाकतो. क्लोरपायरीफॉसपासून तर तो ऑक्सॉन नावाचे, मूळ द्रव्याहूनही अधिक विषारी रूप तयार करतो, आणि प्रयोगशाळेने ते नाव यादीत घेतले नसेल तर ते दिसतच नाही. म्हणून नमुना पावडर टाकण्यापूर्वी घ्यावा. ते शक्य नसल्यास क्लोरिन मारण्यासाठी सोडियम थायोसल्फेट घातलेली बाटली मागवून घ्यावी.

नमुना घेणाऱ्याने त्या दिवशी फवारणीच्या शेतात पाय ठेवलेला नसावा. डिझेल इंजिनाच्या धुराजवळ बाटली उघडू नये. मोटारसायकलच्या डिक्कीत औषधाच्या पुड्यांशेजारी ती नेऊ नये, ही सूचना वाचून कोणास हसू आले तरी ती द्यावी लागते. हातपंप किंवा विंधण विहीर असेल तर नळीतील शिळे पाणी निघून जाईपर्यंत पंप चालू द्यावा. उघड्या विहिरीत पृष्ठभागावरचे पाणी न घेता थोडे खालचे घ्यावे. भरलेली बाटली अंधारात, बर्फात, सुमारे चार अंशांवर ठेवावी व ती लवकरात लवकर रवाना करावी. सामान्यतः सात दिवसांच्या आत पाण्यातून अर्क काढला जावा असा नियम पाळतात.

प्रत्येक फेरीबरोबर प्रयोगशाळेतील शुद्ध पाण्याची एक बाटली विहिरीपर्यंत नेऊन परत आणावी. तिला सोबतीची बाटली म्हणण्यास हरकत नाही. त्या बाटलीतही कीडनाशक आढळले, तर दोष विहिरीचा नसून प्रवासाचा आहे हे तत्काळ कळते. ही एक बाटली वाचविण्यासाठी खर्चाचे कारण पुढे केले जाते. ते मुळीच पटण्यासारखे नाही, कारण तिच्यावाचून उरलेल्या सर्व बाटल्यांवर झालेला खर्च संशयात पडतो.

कोठे आणि केव्हा

महाराष्ट्राच्या चार-पंचमांशाहून अधिक भूभागाखाली काळा पाषाण आहे. त्यात पाणी वाळूतल्याप्रमाणे सावकाश झिरपत नाही, ते भेगांतून व सांध्यांतून वाट काढते. वर काळी जमीन असेल तर उन्हाळ्यात तिला हात हात खोल भेगा पडतात आणि मृगाचा पहिला जोराचा पाऊस मातीने गाळून न घेता थेट खालच्या मुरमात उतरतो. खरिपातील तणनाशकांची फवारणी नेमकी याच सुमारास होते. म्हणून केवळ मे महिन्यात घेतलेल्या नमुन्यावरून विहीर निर्दोष ठरविणे बरोबर नाही. पावसाळ्यापूर्वी एक, पहिल्या मोठ्या पावसानंतर दोन-तीन आठवड्यांत एक आणि पाऊस संपल्यावर एक, असे तीन नमुने त्याच विहिरीचे मिळाले तर त्यांची तुलना काही शिकविते. तीन निरनिराळ्या विहिरींचे एकेक नमुने घेऊन तेवढे शिकता येत नाही.

प्रत्येक विहीर तपासावी, अशी मागणी अधूनमधून ऐकू येते. तिच्यामागील भावना समजण्यासारखी असली तरी ती मागणी व्यवहार्य नाही आणि आवश्यकही नाही. तालुक्यातील आठ-दहा विहिरी विचारपूर्वक निवडाव्यात. उसाच्या किंवा मक्याच्या पट्ट्यातील उथळ विहीर, ज्या विहिरीवर औषधाचे द्रावण कालविले जाते ती, कृषी सेवा केंद्राच्या गोदामाजवळची आणि तुलनेसाठी एक अशी की जिच्या आसपास फवारणी होत नाही. निवड करण्यास जी माहिती लागते ती प्रयोगशाळेकडे नसते. ती फवारणीच्या नोंदवहीत आणि ग्रामस्तरीय कार्यकर्त्याच्या डोक्यात असते. यंत्र जे शोधावयास सांगितले आहे तेच बहुधा शोधते. गावात कोणती द्रव्ये वापरली गेली याची यादी नमुन्याबरोबर गेली नाही, तर प्रयोगशाळा आपली ठरीव यादी तपासते आणि ज्याची भीती होती ते नाव त्या यादीत असेलच असे नाही.

अहवाल वाचताना

‘आढळले नाही’ हे शब्द अहवालात येतात तेव्हा सारे गाव सुटकेचा नि:श्वास टाकते. या शब्दांचा खरा अर्थ एवढाच की, यंत्राला जेथपर्यंत दिसते तेथपर्यंत काही दिसले नाही. ही दृष्टीची मर्यादा प्रत्येक द्रव्यापुढे छापलेली असावी. भारतीय मानकात मिथाइल पॅराथिऑनची मर्यादा लिटरमागे ०.३ मायक्रोग्रॅम आणि अल्फा एचसीएचची ०.०१ मायक्रोग्रॅम आहे. प्रयोगशाळेचे यंत्र १ मायक्रोग्रॅमच्या खाली पाहू शकत नसेल, तर या दोन्हींबाबत तिच्या ‘आढळले नाही’ला काही अर्थ उरत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, काही द्रव्ये जीसी-एमएसला दिसतच नाहीत. जे द्रव्य उष्णतेने न मोडता वाफ होऊ शकते, तेच या नळीतून जाते. ग्लायफोसेट हे आज खेडोपाडी माहीत असलेले तणनाशक तसे नाही. त्यावर आधी रासायनिक क्रिया करावी लागते किंवा द्रव वर्णलेखनाचे वेगळे यंत्र लागते. इमिडाक्लोप्रिडसारख्या द्रव्यांसाठीही द्रव वर्णलेखनच योग्य होय. २,४-डी आम्लरूपात असल्याने त्याचे प्रथम एस्टर करावे लागते. तेव्हा ‘जीसी-एमएसने तपासले, तणनाशक नाही’ असे कोणी म्हटल्यास कोणते तणनाशक, असा प्रश्न विचारण्याचा अधिकार शेतकऱ्यास आहे, आणि त्याने तो विचारावा.

अंश आढळला तर त्याच्या नावावरून त्याच्या वाटेचाही तर्क करता येतो. ॲट्राझिन मातीला सैल धरते. ते शेतातून झिरपत विहिरीपर्यंत येऊ शकते, आणि त्याचे मोडलेले रूप, डीइथाइल ॲट्राझिन, बरोबर आढळले तर ते बराच काळ जमिनीत मुरून आले असावे असे समजण्यास आधार मिळतो. उलट क्लोरपायरीफॉस मातीला घट्ट चिकटते व पाण्यात अत्यल्प विरघळते. ते विहिरीत भरपूर आढळले तर दूरच्या शेतावर ठपका ठेवण्यापूर्वी कठडा, थारोळे आणि औषध कालविण्याची जागा पाहावी. पहिल्या बाबतीत उपाय फवारणीच्या वेळेत व मात्रेत शोधावयाचा, दुसऱ्या बाबतीत विहिरीच्या काठावर. अहवालाचा हा उपयोग फार थोड्या ठिकाणी केला जातो.

आकड्यांवरून होणारे वादही समजून घेतले पाहिजेत. एखाद्या विहिरीत ॲट्राझिन लिटरमागे १ मायक्रोग्रॅम आढळले, तर ते भारतीय मर्यादेच्या निम्मे आहे आणि युरोपच्या मर्यादेच्या दहापट आहे. दोन्ही विधाने खरी आहेत. युरोपातील ०.१ मायक्रोग्रॅमची मर्यादा जवळजवळ सर्व कीडनाशकांस सारखीच लागू असून ती आरोग्याच्या हिशेबावर नव्हे, तर भूजलात ही द्रव्ये नसावीतच या धोरणावर बसविलेली आहे. भारतीय मर्यादा द्रव्यागणिक निराळ्या आहेत. मथळा देणाऱ्याने आणि त्याचे खंडन करणाऱ्या अधिकाऱ्याने, दोघांनीही कोणती मर्यादा धरली ते सांगावयास हवे.

अहवाल कोणाचा

अंश आढळल्याचे अहवाल लोकांपुढे ठेवू नयेत, असे मत खाजगीत मांडणारे लोक आहेत. लोक घाबरतील, गावच्या मालाला भाव मिळणार नाही, शेजाऱ्याशेजाऱ्यांत भांडणे लागतील, असे त्यांचे म्हणणे असते. या भीतीत तथ्य नाही असे नव्हे. खडकातील भेगा शेताचा बांध ओळखत नाहीत, त्यामुळे ज्याच्या विहिरीत अंश आढळला तोच दोषी असेल असे नसते, आणि अर्धवट वाचलेला अहवाल खरोखरच कलह माजवितो. तथापि जे कुटुंब ते पाणी पिते, त्याच्यापासून ही गोष्ट लपविण्याचा अधिकार कोणास पोहोचतो?

कॅलिफोर्नियातील द्राक्षे व फळबागांच्या प्रदेशात सूत्रकृमींसाठी डीबीसीपी नावाचे द्रव्य जमिनीत दिले जात असे. ते बनविणाऱ्या कारखान्यातील पुरुष कामगारांमध्ये वंध्यत्व आढळल्यावर १९७७ साली तेथे त्याचा वापर थांबविण्यात आला. विहिरींतील त्याचे अंश १९७९ साली उघडकीस आले, आणि त्यानंतर कित्येक दशके ते त्या भागातील विहिरींत आढळत राहिले. जर्मनीने ॲट्राझिनवर १९९१ साली बंदी घातली, तरी तेथील भूजलात ते व त्याचे मोडलेले रूप पुढे अनेक वर्षे मिळत होते. जमिनीवरचा वापर एका आदेशाने थांबतो, जमिनीखालचे पाणी आदेश ऐकत नाही. भारतातही शेतीतील डीडीटी १९८९ साली व एंडोसल्फान २०११ साली बंद झाले. फोरेट, ट्रायझोफॉस, डायक्लोरव्हॉस यांसारख्या सहा द्रव्यांचा वापर २०२० च्या अखेरीस थांबविण्यात आला. अडगळीत उरलेले जुने डबे मात्र अजून अनेक गोठ्यांत सापडतील. त्यांचे काय करावे हे विचारण्यास शेतकरी पुढे येईल, तो त्यास दंडाची भीती न घालता अहवाल व माहिती दिली जात असेल तरच.

म्हणून अहवाल प्रथम त्या विहिरीचे पाणी पिणाऱ्या कुटुंबास मिळावा आणि तो वाचून दाखविणारा कार्यकर्ता त्याबरोबर जावा. नंतर तो जिल्ह्याच्या फायलीत जाण्यास हरकत नाही. सध्याचा क्रम पुष्कळदा याच्या उलट असतो.

मर्यादेपेक्षा अधिक अंश आढळल्यास लगेच दुसरा नमुना घेऊन खात्री करावी आणि ती होईपर्यंत पिण्यासाठी दुसऱ्या ठिकाणचे पाणी आणावे. बहुतेक मर्यादा आयुष्यभर रोज पिण्याच्या हिशेबाने ठरविलेल्या असल्याने आजवर प्यालेल्या पाण्याबद्दल घाबरून जाण्याचे कारण नसते. मात्र औषध सांडल्याचे निश्चित ठाऊक असेल तर अहवालाची वाट पाहत बसू नये. पाणी उकळल्याने हे अंश जातील असे समजू नये. वाफ होऊन पाणी आटते आणि न उडणारे द्रव्य उलट दाट होते. तुरटी व टीसीएल यांचा या कामी उपयोग नाही. सक्रिय कोळशाचा गाळणी-थर ॲट्राझिनसारखी द्रव्ये धरून ठेवतो, पण तो ठरावीक काळाने बदलावा लागतो, आणि न बदललेला थर असून नसून सारखाच. औषध सांडलेल्या विहिरीतील पाणी उपसून काढावयाचे झाल्यास ते ओढ्यात सोडू नये व जनावरांस पाजू नये.

नमुन्यांची फेरी ठरविताना वाराकडे लक्ष द्यावे. शुक्रवारी दुपारी घेतलेली बाटली शनिवारी-रविवारी बंद दारापाशी पडून राहते, तिच्यातील बर्फ वितळतो आणि सोमवारी ती उघडणाऱ्यास तिच्यावर काय लिहिले आहे तेही वाचता येत नाही. सोमवारी किंवा मंगळवारी सकाळी नमुना घ्यावा. चिठ्ठीवर शिसपेन्सिलीने विहिरीचे नाव, पाण्याची खोली, शेवटचा पाऊस व शेवटची फवारणी कधी झाली ते लिहावे आणि ती चिठ्ठी बाटलीला दोऱ्याने बांधावी. डिंकाने चिकटविलेली चिठ्ठी बर्फाच्या पाण्यात सुटते.